रोलर कोस्टरवर एकाच वेळी दोन-तीन गाड्या धावतात, मग त्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत?

रुळाचे भाग पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम. लोकल जशी पुढचा सिग्नल मिळेपर्यंत थांबते, तसंच. फरक एवढाच की इथे गाडीत मोटरमन नसतो आणि बहुतेक गाड्यांना स्वतःचे ब्रेकही नसतात. ब्रेक रुळावर बसवलेले असतात.

प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी पूर्ण थांबवता येईल अशी जागा लागते: स्टेशन, चढावाची साखळी किंवा ब्लॉक ब्रेक. सेन्सर गाडीची जागा कळवतात. पुढचा ब्लॉक रिकामा असेल तरच ब्रेक उघडतो, नाहीतर गाडी तिथेच धरली जाते. म्हणूनच गाड्यांपेक्षा ब्लॉक किमान एकाने जास्त हवेत. अनेक ठिकाणी ब्रेक स्प्रिंगने बंद राहतो आणि हवेच्या दाबाने उघडतो. दाब गेला तर ब्रेक लागतो, सुटत नाही. मला यातला हा भाग सर्वात मोलाचा वाटतो.

खरा धोका ही यंत्रणा डावलण्यात आहे. 2 जून 2015 रोजी इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन पार्कच्या 'द स्माइलर' या रोलर कोस्टरवर एक रिकामी गाडी रुळावर अडकली होती. यंत्रणेने मागची गाडी बरोबर रोखली. रूळ मोकळा आहे असं समजून कर्मचाऱ्यांनी ती हाताने पुढे सोडली. 16 प्रवासी असलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली आणि दोन तरुणींना पाय गमवावा लागला. त्यामुळे राइड मध्येच थांबली तर चिडू नका, ऑपरेटरला घाई करायला तर मुळीच सांगू नका.