ग्लासगोतली रिकामी खोली आणि दोन सरकारे

प्रश्न : माझी भाची नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला राहते. निवडणूक जवळ आली की तिच्या दारात पत्रके येतात. एक पक्ष म्हणतो, गरिबांचे भत्ते लंडनने, म्हणजे ब्रिटनच्या केंद्र सरकारने, कापले. दुसरा म्हणतो, अधिकार एडिनबरोकडे, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारकडे, असूनही ते सरकार ते नीट वापरत नाही. यांतले खरे कोणते? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही पत्रकांत अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे सोयीने गाळलेले आहे.

१९९८च्या स्कॉटलंड कायद्याने आरोग्य, शिक्षण, घरे हे विषय एडिनबरोला दिले, सामाजिक सुरक्षा मात्र लंडनने स्वतःकडे राखली. २०१२ साली कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या आघाडी सरकारने भत्त्यांची व्यवस्था मुळापासून बदलली. एप्रिल २०१३पासून सामाजिक गृहव्यवस्थेतील (कौन्सिल किंवा गृहसंस्थांच्या स्वस्त भाड्याच्या घरांतील) भाडेकरूकडे एक खोली जादा असेल तर भाड्यापोटीच्या मदतीत १४ टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के कपात सुरू झाली. ही कपात म्हणजे कर नव्हे, तरी लोकांनी तिला ‘बेडरूम टॅक्स’ म्हटले आणि तेच नाव रुजले. मुलगा वेगळा राहायला गेला म्हणून आईच्या घरातली एक खोली रिकामी झाली आणि आसपास लहान घर मिळेना, तरी कात्री लागायचीच. एडिनबरोतील, स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या सरकारला कायदा बदलता येत नव्हता, म्हणून त्याने स्वतःच्या तिजोरीतून भरपाई सुरू केली. त्यासाठी भाडेकरूने स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करायचा. कापणारे एक, भरून देणारे दुसरे, आणि दोघांच्या मध्ये ती आई कागद घेऊन उभी.

सप्टेंबर २०१४च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी स्कॉटलंडचे स्वातंत्र्य नाकारले. त्यानंतर स्कॉटिश संसदेतील पाचही पक्षांच्या स्मिथ आयोगाच्या शिफारशींवरून २०१६चा कायदा झाला आणि अपंगत्व व शुश्रूषा यांचे भत्ते, तसेच नवे भत्ते सुरू करण्याचा अधिकार एडिनबरोकडे आला. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा कामाच्या वयातील लोकांचा मुख्य भत्ता आणि रोजगार कार्यालये मात्र लंडनकडेच राहिली. परिणाम विचित्र आहे : २०१८ साली एडिनबरोने सुरू केलेल्या रोजगार-साहाय्य योजनेत भाग घेणे ऐच्छिक होते, पण त्याच माणसाने रोजगार कार्यालयाची अट मोडली तर लंडनच्या नियमाने त्याचा भत्ता कापला जाई.

एडिनबरोचे सर्वांत मोठे पाऊल म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचा बालभत्ता. फेब्रुवारी २०२१मध्ये तो सहा वर्षांखालील मुलामागे आठवड्याला १० पौंड होता. एप्रिल २०२५मध्ये सोळा वर्षांखालील मुलामागे २७.१५ पौंड झाला. मला तो योग्य वाटतो, पण त्यातली एक खोच पत्रकांत सापडणार नाही. हा भत्ता युनिव्हर्सल क्रेडिटला जोडलेला आहे. कामाचे तास वाढून ते क्रेडिट शून्यावर आले की दोन मुलांच्या आईचे (२०२५च्या दराने) आठवड्याचे ५४.३० पौंड हळूहळू कमी होत नाहीत, एकदम बंद होतात. जादा पाळी घ्यावी की नाही, हा हिशेब तिला दोन सरकारांच्या नियमांत बसवावा लागतो.

जुलै २०२४मध्ये लंडनमध्ये सत्तेवर आलेल्या लेबर पक्षाचीही यात कोंडी झाली. तिसऱ्या मुलापासून मदत नाकारणारी २०१७ची अट रद्द करावी, या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या दुरुस्तीला जुलै २०२४मध्ये पाठिंबा दिल्याबद्दल लेबरने आपलेच सात खासदार संसदीय गटातून निलंबित केले. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने ती अट काढण्याची घोषणा केली.

आपली भाची कुशल कामगार व्हिसावर असेल, तर सर्वसाधारणपणे यांतला कोणताही भत्ता तिला मागता येत नाही. कर मात्र ती भरते, आणि पगार बरा असेल तर इंग्लंडपेक्षा जास्त. कॉमनवेल्थ देशाची नागरिक म्हणून तिला तिथे मतदानही करता येते. पत्रके तिच्या दारात पडतात ती त्यासाठीच.