लवंग तेल आणि लव्हाळा: संत्र्याच्या बागेतला अनुभव

काटोलजवळच्या आपल्या बागेत तणनाशक म्हणून लवंग तेल फवारल्यावर लव्हाळा (जमिनीत गाठी धरणारे तण) दुपारपर्यंत करपला आणि पंधरवड्यात पुन्हा हिरवागार झाला, असे आपण लिहिले आहे. कळमेश्वरकडच्या आमच्या बागेतही नेमके हेच घडले होते. फवारणी कडक उन्हात, वारा पडलेला असताना करावी वगैरे आपणास ठाऊक असेलच.

लवंग तेलातील युजेनॉल पानाच्या पेशींचे आवरण फोडते आणि पान वाळते, पण ते मुळांकडे वाहून जात नाही. लव्हाळ्याचे बळ जमिनीतल्या गाठींत असल्यामुळे तो पुन्हा फुटणारच.

आमचे खरे नुकसान मात्र एका सल्ला कार्यालयाने केले. त्यांच्या पत्रकात निंबोळी तेलाच्या धर्तीवर 'लिटरला 5 मिली' एवढेच छापलेले होते, म्हणजे अर्धा टक्का! अमेरिकी कृषी खात्याच्या 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात 5 ते 10 टक्के द्रावण वापरले होते; त्या हिशेबाने 15 लिटरच्या पंपाला किमान 750 मिली तेल लागते, आणि खर्चाचा अंदाज आपणच करावा. तेल पाण्यात मिसळून ठेवणाऱ्या इमल्सिफायरचा तर उल्लेखच नव्हता, त्यामुळे पंपातून कुठे जवळजवळ नुसते पाणी, तर कुठे निखळ तेल बाहेर पडले व एका ओळीतल्या कलमांची कोवळी फूट जळाली. विचारायला गेलो, तर 'नैसर्गिक आहे, अपाय होत नाही, तुमचीच फवारणी चुकली असेल' हे उत्तर मिळाले. पत्रक छापणाऱ्याने एकदा तरी पंप पाठीवर घेतला होता का, हा प्रश्न मला आजही पडतो.

मी रसायनतज्ज्ञ नाही आणि आपली जमीन मी पाहिलेली नाही. तरीही माझे मत असे की हे तेल दोन-चार पाने फुटलेल्या कोवळ्या हंगामी तणांपुरते, तेही झाडांपासून दूर, पायवाटेवर वापरावे. लव्हाळ्यासाठी ओळींमधली माती उन्हाळ्यात उलटून गाठी मे महिन्याच्या उन्हात वाळू द्याव्यात. झाडाच्या घेराखाली मात्र नांगर नेऊ नये, कारण संत्र्याची तंतुमुळे वरच्या थरातच असतात. तिथे खुरप्याने गाठी वेचण्याला पर्याय नाही. धुऱ्यावर गाजर गवत असेल, तर ते फुलण्याआधी उपटावे, किंवा जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे गाजर गवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्यांची चौकशी करून ते पावसाळ्यात सोडावेत.

उरलेले तेल वापरणारच असाल, तर चष्मा व हातमोजे घालावेत आणि पंप लगेच साबणाच्या पाण्याने धुवावा, नाहीतर त्यातील रबरी वायसर फुगतात.