कॅल्शियमच्या गोळीतलं के-2 कुणाला चालतं?

प्रश्न: माझं वय 59. डी जीवनसत्त्व 14 आलं, म्हणून डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे दिली. सोबतची कॅल्शियमची गोळी संपल्यावर दुकानदाराने 'के-2 (के जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेली, हृदयालाही चांगली' म्हणून दुसरी दिली. यजमानांच्या हृदयात धातूची झडप आहे. त्यांनीही हीच घ्यावी का? आणि रोज पहाटे सहाला तळजाई टेकडीवर फिरूनही माझं डी कमी कसं?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर: आधी यजमानांचं. त्यांनी ही गोळी सुरू करू नये. धातूच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसेनोकोमॅरॉल देतात, आणि ही औषधं के जीवनसत्त्वाचंच काम अडवतात. वरून के दिलं की औषधाचा जोर कमी होतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा) घसरतो. चुकून काही दिवस घेतली असेल तर परस्पर बंदही करू नका, कारण तेव्हा आयएनआर उलटा चढू शकतो. लगेच डॉक्टरांना फोन करून तपासणी करून घ्या. मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त आठवड्याचं प्रमाण साधारण सारखं ठेवा. (नुसती ॲस्पिरिन घेणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही.)

आता तुमचं. डी आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करतं. हाडातलं ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन आणि धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचू न देणारं एक प्रथिन, ही दोन्ही के मिळाल्याशिवाय कामाला लागत नाहीत. 'हृदयालाही चांगली' हे यातूनच आलं. पण के-2 च्या गोळीने हृदयविकाराचे झटके कमी होतात हे सिद्ध झालेलं नाही. डीचंही तेच: अमेरिकेत सुमारे 26,000 जणांना रोज 2,000 युनिट किंवा नकली गोळी देऊन पाहिलं, झटक्यांत फरक पडला नाही. तुम्ही रक्त पातळ करणारं औषध घेत नसाल तर के-2 चा सहसा त्रास नाही, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

गोळीपेक्षा ताटाचा हिशेब आधी करा. 400 मिली दूध-दह्यातून सुमारे 480 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, 50 ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून 170 च्या आसपास. पाळी गेल्यावर रोजचं लक्ष्य 1,200. म्हणजे एवढं खाणारीला 500 ची एक गोळी पुरे. पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट 1,250' लिहिलेलं असतं, त्यातलं खरं कॅल्शियम 500 च. ही गोळी जेवणासोबत घ्या, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. पित्तासाठी रोज पँटोप्रॅझोल (हे आम्ल कमी करणारं औषध) चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट या प्रकाराबद्दल डॉक्टरांना विचारा. शिवाय पँटोप्रॅझोल वर्षानुवर्षं घेतल्याने मॅग्नेशियम घटू शकतं, आणि मॅग्नेशियमशिवाय शरीराला डी वापरता येत नाही. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं.

डीची पुडी तूप-दूध असलेल्या जेवणानंतर घ्या. ती आठवड्याची आहे. रोज एक घेण्याची चूक बऱ्याच घरांत होते. मग रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान लागते आणि मूत्रपिंडाला इजा होते. कोर्सनंतर पुन्हा तपासणी करून पुढचा डोस ठरवा, मनाने दुसरा कोर्स नको.

तळजाईचं कारण सोपं आहे. पहाटेच्या तिरप्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतातच. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन कामाचं, तेही हातपाय उघडे ठेवून. बंद काचेआडून मात्र ते मिळत नाही.