दुसऱ्यांच्या समाजावर पीएचडी करायचीय, पण करू का?

तू लिहिलंयस की मानववंशशास्त्रात एमए करतेयस, जो समाज तुझा नाही त्याच्या गाण्यांवर पुढे पीएचडी करायचीय, पण मैत्रीण म्हणाली "तुला काय अधिकार" आणि आता विषयच सोडावासा वाटतोय.

सोडू नकोस. पण तिचं बोलणं झटकूनही टाकू नकोस, कारण असं वाटायला कारणं घडलेली आहेत. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई या मूळनिवासी लोकांनी 1990 पासून विद्यापीठाच्या संशोधकांना रक्त दिलं, डायबेटिसचा अभ्यास होणार अशी त्यांची समजूत, आणि पुढे कळलं की तेच नमुने स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या आणि त्यांचे पूर्वज कुठून आले याच्या अभ्यासालाही वापरले, मग कोर्टकचेऱ्या होऊन 2010 मध्ये तडजोड झाली, 7 लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत मिळाले. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळनिवासी लोकांनी तर 2017 मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिताच काढली. त्यात त्यांची एक तक्रार अशी की संशोधक छापण्याआधी दाखवू असं कबूल करून गेले आणि दाखवलंच नाही.

म्हणून माझ्या मते खरा प्रश्न हा की त्या लोकांना तुला "नको" म्हणता येईल का, आणि ते म्हणाले तर तू थांबशील का. मुखियाने हो म्हटलं म्हणजे गाणाऱ्या बाईने हो म्हटलं असं होत नाही. रेकॉर्डर बंद केल्यावर लोक खरं मोकळं बोलतात, कागद आवरताना कोणीतरी गाण्यामागची घरातली गोष्ट सांगून जातं, ती थीसिसमध्ये फार शोभून दिसेल, पण तिथे परत जाऊन "हे लिहू का" असं विचारायचंच, आणि नाही म्हणाले तर ती गोष्ट गेली, हळहळ वाटली तरी. हे एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर एक सही घेऊन भागत नाही गं.

आता करिअरचं. गाईड निवडताना नाव बघू नकोस, स्वतः फील्डवर्क केलेला माणूस बघ आणि त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल. त्या समाजातल्या लोकांनी स्वतः लिहिलेलं आधी वाच. भाषा शिकायला निदान वर्षभर धर, दुभाष्यावर गाण्यांचं काम निभत नाही. आणि विषय आत्ताच पक्का करू नकोस, त्यांनाच दुसरं काही महत्त्वाचं वाटत असेल तर बदलायला जागा ठेव.

प्रपोजलचा पहिला ड्राफ्ट मला पाठव, वेळापत्रकात भाषेला आणि लिहिलेलं त्या लोकांना परत जाऊन वाचून दाखवायला किती महिने ठेवलेस ते मी आधी बघेन.