वाळूचा जाड थर टँकच्या बाहेर चालेल का?

प्रश्न: माझा २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे, खाली संप (फिल्टर-पंपाची वेगळी टाकी) आहे. नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जातं ते) ४० पीपीएमच्या खाली यायचं नावच घेत नाही. सगळे म्हणतात वाळूचा जाड थर कर, पण टँकमध्ये १२-१५ सेंटीमीटर वाळू भरली तर माशांना जागा उरणार किती, आणि वेव्हमेकरने (टँकमध्ये लाटा करणारा पंप) वाळू उडते ती वेगळीच. हाच थर बाहेर बादलीत केला तर? त्यातून विषारी गॅस सुटतो म्हणतात, त्याची भीती वाटते.

उत्तर: बाहेर नक्की करा, माझ्या मते तर तोच चांगला मार्ग. खालच्या वाळूत ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, तिथले बॅक्टेरिया नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. आता ही वाळू टँकमध्ये आहे की शेजारच्या बादलीत, त्यांना काही फरक पडत नाही, नायट्रेटवालं पाणी वरून जात राहिलं म्हणजे झालं. शिवाय टँकमध्ये मासे वाळू उकरतात, दगडांखाली घाण साठत जाते आणि तिथे हात घालता येत नाही. बाहेर काही बिघडलंच तर व्हॉल्व्ह बंद केला की विषय संपला, मुख्य टँकला धक्का नाही.

फक्त पाणी वाळूच्या वरून जायला हवं, वाळूतून नाही. इथेच बरेच जण चुकतात. पंपाने पाणी वाळूतून ढकललं की ऑक्सिजन तळापर्यंत पोचतो आणि नायट्रेट कमी करणारं कामच थांबतं. म्हणून आत येणारा आणि बाहेर जाणारा, दोन्ही पाईप वाळूच्या वर, एकमेकांसमोर लावा, बाहेरचा जास्त रुंद घ्या म्हणजे पाणी तुंबून सांडणार नाही. बादली संपपेक्षा उंच ठेवा, पाणी आपोआप खाली येईल. प्रवाह जोरात हवा, पण वाळू उडेल इतका नाही, आणि पाणी फिल्टर सॉकमधून (गाळणीची कापडी पिशवी) गाळून आलेलं असू द्या, नाहीतर बादली म्हणजे कचराकुंडीच होईल. वाळू बारीक, साखरेसारखी, धुऊन घेतलेली. उजेड नको म्हणजे शेवाळ नाही, म्हणून अपारदर्शक डबा आणि वर झाकण.

गॅस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याचा वास येतो तो. खोल वाळूत काळे डाग दिसले तरी घाबरू नका, फक्त उकरू नका. हां, लाईट जाऊन पंप बराच वेळ बंद राहिला तर बादलीतल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो, तेव्हा वरचं साचलेलं पाणी काढून टाका आणि मगच पुन्हा जोडा, ते तसंच टँकमध्ये सोडू नका प्लीज.

आणि उंच बादलीपेक्षा पसरट टब घ्या, कारण काम वाळूच्या पृष्ठभागावर अवलंबून असतं आणि साध्या बादलीत तो फारच कमी मिळतो. पहिले दोन-तीन महिने आकडा हलला नाही तरी वाळू बदलत बसू नका, बॅक्टेरिया जमायला वेळ लागतो. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याची तुलनाही करू नका, पाणी इतक्या वेगाने जातं की एका फेरीत फरक दिसणारच नाही, टँकचंच नायट्रेट दर आठवड्याला मोजून लिहून ठेवा. तोवर पाणी बदलणं चालू ठेवा आणि खाणं किती टाकताय तेही बघा, कारण रोज जास्तीचं पडत असेल तर एवढीशी वाळू किती पुरी पडणार? फॉस्फेटचा प्रश्न असेल तर तो मात्र याने सुटणार नाही, त्याला वेगळा मीडिया, म्हणजे फॉस्फेट शोषून घेणारं फिल्टरचं साहित्य, लागेल.