पन्नास डॉलरचं भांडवल आणि दोन सेंटचं टेबल

ऑनलाइन पोकरबद्दलचे हे काही निवडक प्रश्न. उत्तरं टेक्सस होल्डमच्या (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच) सहा जणांच्या कॅश टेबलाची आहेत, म्हणजे जिथे स्पर्धा नसते, थेट पैशांवर खेळतात. 'दोन सेंटचं टेबल' म्हणजे ब्लाइंड (दोघांनी पानं बघण्याआधी सक्तीने भरायच्या रकमा; लहान ती स्मॉल, मोठी ती बिग ब्लाइंड) १ आणि २ सेंट. पूर्ण बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) १०० बिग ब्लाइंड, म्हणजे २ डॉलर. भारतात राहणाऱ्यांनी शेवटचा प्रश्न आधी वाचावा.

न्यू जर्सीत राहतो. परवाना असलेल्या साइटवर ५० डॉलर भरलेत. पाच सेंटच्या टेबलावर बसू का? वर कधी जायचं?

नको. पाच सेंटच्या टेबलावर तुमच्याकडे फक्त १० बाय-इन होतात, दोन सेंटच्या टेबलावर २५.

समजा, तुम्ही दर १०० डावांमागे ५ बिग ब्लाइंड जिंकणारे खेळाडू आहात. १०० डावांत निकाल साधारण ९० ब्लाइंडनी वरखाली होतो. अशा माणसाने २० बाय-इन घेऊन एकाच टेबलावर ठाण मांडलं, तरी कधी ना कधी सगळं गमावण्याची शक्यता ८ ते ९ टक्के असते. ३० बाय-इन असतील तर ती अडीच टक्क्यांवर येते. जिंकण्याचा वेग निम्मा असेल तर मात्र २० बाय-इनवर बुडण्याची शक्यता थेट २९ टक्के. नव्या खेळाडूला आपला वेग माहीतच नसतो, म्हणून भांडवल जास्त धरायचं.

शिल्लक १५० डॉलर झाली की पाच सेंटच्या टेबलावर जा, १०० पर्यंत घसरली की मुकाट्याने खाली या. पुढे दहा सेंटच्या टेबलासाठी ३०० ला वर आणि २०० ला खाली. बहुतेकांचं भांडवल वर जाताना बुडत नाही, खाली यायची लाज वाटते म्हणून बुडतं.

वेळेचा हिशेबही करून ठेवा. ५० चे १५० करायचे म्हणजे दोन सेंटच्या टेबलावर ५,००० बिग ब्लाइंड जिंकायचे. वरच्या वेगाने १ लाख डाव. चार टेबलं एकदम लावली तर तासाला साधारण ३०० डाव होतात, म्हणजे ३३३ तास, ताशी ३० सेंट. नवशिक्यांच्या टेबलावर चांगला खेळाडू याच्या दुप्पट वेगानेही जिंकतो, पण तरी ही कमाई नव्हे. पगारातून आणखी ५० डॉलर टाकणं केव्हाही जलद. इथे शिकायला बसायचं.

ख्रिस फर्ग्युसनने शून्यातून दहा हजार डॉलर केले म्हणतात. त्याचे नियम आजही चालतील?

नियम चांगलेच आहेत. फर्ग्युसन २००० सालचा वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा विजेता. त्याने फुकट प्रवेशाच्या स्पर्धांपासून सुरुवात केली. कॅश टेबल किंवा छोट्या 'सिट अँड गो'त (ठरलेले खेळाडू जमले की सुरू होणारी स्पर्धा) भांडवलाच्या ५ टक्क्यांहून जास्त लावायचे नाहीत, मोठ्या स्पर्धेत २ टक्क्यांहून जास्त नाही, आणि टेबलावरची रक्कम भांडवलाच्या १० टक्क्यांवर गेली की उठायचं. या शेवटच्या नियमाकडे कुणी लक्ष देत नाही. ५० डॉलरवाल्याच्या समोर ५ डॉलर साठले असतील, तर एका चुकीच्या कॉलमध्ये (समोरच्याएवढेच पैसे लावण्यात) भांडवलाचा दहावा हिस्सा जातो.

त्याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. हे सगळं झालं ते फुल टिल्ट या साइटवर. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकी सरकारने कारवाई केली तेव्हा खेळाडूंचे पैसे द्यायला त्या साइटकडे पुरेशी रक्कम नव्हती. अमेरिकेतल्या खेळाडूंना परतफेड सुरू व्हायला २०१४ उजाडलं. लागेल तेवढंच भांडवल साइटवर ठेवा, बाकीचं बँकेत.

टोरांटोहून: खेळ बरा आहे, पण तीन महिने शिल्लक जागची हलत नाही. कुठे गळतंय?

आधी किती डाव झाले ते सांगा. १०,००० डावांत नुसत्या नशिबाने तुमचा वेग दर शंभरी ९ ब्लाइंडनी इकडेतिकडे दिसू शकतो. म्हणजे खरा वेग ५ असलेला माणूस तोट्यात दिसणं अगदी साधी गोष्ट आहे.

डाव भरपूर झाले असतील तर रेककडे, म्हणजे साइटच्या कापणीकडे बघा. साइट भांड्यातून (डावात जमलेल्या पैशांतून) बहुतेक ५ टक्क्यांच्या आसपास कापते. दोन सेंटच्या टेबलावर १ डॉलरच्या भांड्यातून ५ सेंट गेले, तर ते अडीच बिग ब्लाइंड झाले. मोठ्या टेबलांवर या कापणीला वरची मर्यादा लागते. आपली भांडी तिथवर पोहोचतच नाहीत. पण बहुतेक साइटवर फ्लॉप (मध्ये उघडणारी पहिली तीन पानं) न येता डाव संपला तर रेक नसतो. म्हणून स्मॉल ब्लाइंडवरून नुसता कॉल करणं महाग पडतं: पोझिशन वाईट (पुढे आपल्याला आधी बोलावं लागतं), वर रेक. तिथून पुन्हा रेझ करा (रक्कम वाढवा) नाहीतर पान टाका. लिम्प (रेझ न करता नुसता बिग ब्लाइंडएवढा पैसा टाकून डावात येणं) बंद करा. पहिला रेझ तीन बिग ब्लाइंडचा, आधी कुणी लिम्प केलं असेल तर प्रत्येकी एक जादा.

दुसरी गळती एका जोडीवर पैसे भरण्याची. तुमच्याकडे राजांची जोडी, फ्लॉप निरुपद्रवी, आणि आतापर्यंत फक्त कॉल करत आलेला माणूस टर्नवर (मधल्या चौथ्या पानावर) अचानक मोठा रेझ करतो. या टेबलांवर ती थाप क्वचित असते. दोन जोड्या किंवा तीन एकसारखी पानं समजा आणि सोडा.

लेस्टरहून: फ्लशला एक पान कमी असेल तर कॉल कधी करायचा?

हातात बदामची दोन, फ्लॉपवर दोन. भांड्यात २० सेंट, समोरच्याने १० लावले. तुम्हाला १० देऊन ३० जिंकायचे आहेत, म्हणजे २५ टक्के शक्यता हवी. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम, म्हणजे पुढच्या एका पानावर १९ टक्केच. पस्तीस टक्क्यांचा आकडा जो सगळे सांगतात तो दोन्ही पानं मिळून, आणि टर्नवर पुन्हा पैसे मागितले जाणार हे त्यात धरलेलं नाही. तोटा भरून यायला फ्लश लागल्यावर सरासरी आणखी १२-१३ सेंट मिळायला हवेत. दोन सेंटच्या टेबलावर लोक हौसेने पैसे देतात, तेव्हा एक्क्याचा फ्लश असेल तर कॉल बरोबर. सत्ती-पंजीवर तेवढा उत्साह नको. लागला तरी वरचा फ्लश निघतो आणि मग मोठं भांडं जातं.

स्पर्धांसाठी किती भांडवल?

किमान १०० प्रवेश शुल्कं. हजारभर जणांच्या स्पर्धा असतील तर २००.

लंडनहून: हरलो की रात्री दोनपर्यंत बसतो, आणि आणखी पैसे भरतो.

मग भांडवलाचं गणित बाजूला ठेवा. एका बैठकीत तीन बाय-इन गेले की उठायचं, कारण तिथून पुढे आपण पानं बघून नाही, रागाने खेळतो. आपोआप पुन्हा बाय-इन करणारी सोय बंद करा, साइटवर मासिक भरण्याची मर्यादा लावा. तीही मोडत असाल तर गॅमस्टॉपवर (जुगाराच्या साइटपासून स्वतःला बंद करून घ्यायची ब्रिटनमधली सोय) नाव नोंदवा. ब्रिटनमध्ये परवाना असलेल्या सगळ्या साइट किमान सहा महिने बंद होतात, आणि मुदतीआधी ते रद्द करता येत नाही.

पुण्याहून: व्हीपीएन लावून परदेशी साइटवर खेळलं तर?

नाही. ऑगस्ट २०२५ मधल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची सेवा देण्यावर बंदी आणली. देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, पण पैसे काढताना परदेशी साइट ओळखपत्र आणि पत्ता मागते. व्हीपीएन सापडलं की खातं गोठतं, आणि मग दाद मागायला जागा नसते.

गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो बोटींवर समोरासमोर पोकर होतो, पण तिथे तासाला २५-३० डाव होतात आणि बाय-इन हजारांत असतो. ३० बाय-इनचा नियम तिथे लावायचा तर आकडा लाखांत जातो.