आधी नागलीचे पापड, मग निधी

पोरांनो, संस्था काढायची म्हणून नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांकडे पैशासाठी लगेच धावू नका. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात तो पैसा हवा तर संस्थेची नोंदणी, आयकर खात्याची नोंदणी (१२ए, ८०जी म्हणतात ती) आणि २०२१पासून कंपनी मंत्रालयाचा सीएसआर-१ क्रमांकही लागतो. त्यात महिने जातात. तोवर पेठ-सुरगाण्यातल्या एखाद्या बचत गटासोबत नागलीचे, म्हणजे नाचणीचे पापड करून नाशकात विका. २० किलोच करा, पण पीठ, मजुरी, पिशव्या, एसटीचं भाडं, सगळं वहीत उतरवा. आम्ही पहिल्या वर्षी गाडीभाडंच धरलं नव्हतं. कागदावर नफा, गल्ला रिकामा! जाणता देणगीदार ती वही आधी मागतो, फोटो नंतर. आणि हो, गटातल्या बायकांची मजुरी उधार ठेवू नका. तुम्ही हौसेनं फुकट राबता, त्यांची चूल त्यावर पेटते. पुढे पापडाच्या यंत्रासाठी पैसे मागायला जाल तेव्हा कोटेशन सोबत न्या.